शेवंता कासारणीचा हात

नानाजी, बायांनो, भावांनो,

बोलणं मले नवं नाही. अंगणवाडीत होती तवा पोलिओच्या डोसासाठी मी गावभर ओरडत फिरली. पण आजचं बोलणं वेगळं आहे. आपली शेवंता कासारीण गेली. परवा तिची तेरवी झाली. आन् तिच्यावर दोन शब्द बोलाले तुम्ही मले उभं केलं. काहून? तं म्हणे विमलबाई तिची मैतरीण. बरं. आता ऐका मैतरीण कशी होती ते.

आताच नानाजी बोलले, शेवंता गावाची लेक होती, सगळ्यांची लाडकी होती. नानाजी, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगते, मेलेल्या माणसाच्या नावानं खोटं बोलू नका. तुमच्या नातीच्या लग्नात हिरवा चुडा भराले तिले बोलावलं. आली बिचारी डोक्यावर पेटी घेऊन. तुम्ही ओसरीच्या खालीच पेटी उतरवून घेतली. "शेवंते, तू बस इथंच, पोरी आत नेऊन घालून घेतील." चहा दिला. चहा झाल्यावर सगळ्यांचे कप मोरीत गेले, तिचा उकिरड्यावर गेला. तिनं पाहिलं. मीही पाहिलं. मी काय केलं? मी माह्या कपातला चहा संपवला. आलं टाकलेलं होतं, चांगला झालता.

मान खाली कायले घालता, नानाजी? आज तं मान खाली घालाची पाळी माही आहे.

ज्या नव्या सुना आहेत त्यांच्यासाठी सांगते. शेवंताच्या हातासारखा हात घाटंजीच्या बाजारात दुसरा नव्हता. समोरची हात पुढं करे, आन् ही डोळ्यानं पाहतच नसे. अंगठ्याच्या मुळाशी हाड दाबून पाहे, तळवा घडी घातल्यासारखा मिटवे, तोंडानं सासूची चौकशी करे, आन् बोलता बोलता बांगडी मनगटात. कितीही कडक हात असो. बांगडी तुटली तरी ती 'फुटली' म्हणत नसे. 'वाढली' म्हणे. कासारणीच्या तोंडून वाईट शब्द निघू नये, अशी तिची रीत.

माहे मालक गेले तवा मी बत्तीस वर्षांची होती. याच गावच्या बायांनी दगडावर माह्या बांगड्या फोडल्या. तवा 'वाढवल्या' कोणी म्हटलं नाही. मंग वर्षभर मले हळदीकुंकवाले बोलावणं नाही, ओटीले हात लावू देणं नाही. सकाळी समोर आली तं लोक रस्ता बदलत. एक दिवस शेवंता पेटी घेऊन माह्या घरात शिरली. म्हणे, "विमल, हात दे." मी म्हटलं, "वेडी झाली काय तू? लोक काय म्हणतील?" म्हणे, "लोकाइले म्हणू दे. मी कासारीण आहे. मले हात दिसते, कपाळ नाही दिसत." माहा हात तिनं ओढूनच घेतला. सहा-सहा बांगड्या भरल्या, निळ्या. मी ढसाढसा रडली. वर्षभरानं कोणीतरी माह्या अंगाले हात लावला होता.

हे ध्यानात ठेवा. पुढं कामी येते.

मंग तिच्या हातावर चट्टे आले. आधी कोपराले, मंग तळव्याले. लाल, वरून पांढरा कोंडा, आन् भेगा. रात्रंदिवस खाज. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. आठ दिवसांत हात आरशासारखे झाले, तिनं देवाले नारळ फोडलं. ट्यूब बंद केली आन् दुप्पट उसळलं. वैशाखात लांब बाह्याचं पोलकं घालून बसे. नळावर सगळ्यात शेवटी जाय. कोणाकडं बसली तं उठायच्या आधी पदरानं जागा झाडून घे, आपला कोंडा राह्यला तं नाही म्हणून. अवो, ज्या बाईनं उभ्या गावाचे हात हातात घेतले, ती आपली बसायची जागा झाडत होती!

तुम्ही काय म्हणत होते? महारोग. मागच्या जन्माचं पाप. सापाची कात जाळली असंल. एकीनं तं सल्ला दिला, रबरी मोजे घालून बांगड्या भर. भरल्या. मोज्यातून हाड लागत नाही, बायांनो. एका पोरीच्या मनगटात काच घुसली, आन् तिच्या मायनं भर गावात शेवंताची शोभा केली. तवापासून गावातल्या सगळ्या पेटीतून बांगड्या घेत आन् घरी नेऊन साबणानं धुऊन स्वतः घालत. तिचा माल चाले. तिचा हात चालत नव्हता.

मी तिले यवतमाळले घेऊन गेली. मोठ्या दवाखान्यातल्या चामडीच्या डॉक्टरीणबाईनं तिचे दोन्ही हात उघड्या हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले. म्हणे, "याला सोरायसिस म्हणतात. हा कोणालाही लागत नाही. बिनधास्त काम करा." शेवंता म्हणे, "बाई, लिहून द्या." त्यांनी कागदावर लिहून दिलं. एसटीत मी तो कागद तिले तीन वेळा वाचून दाखवला. ती पोरीसारखी हसत होती.

आन् मले अक्कल सुचली. मी शिकलेली ना! म्हटलं, "शेवंते, हा कागद लॅमिनेशन करून घे आन् दुकानात लाव. लोकाइचं तोंड बंद होईल." तिनं लावला. पेटीच्या मागं, काठीले बांधून. तोवर अर्ध्या बाजाराले तिच्या हाताचं माहीतही नव्हतं. बाह्यात आन् पदरात झाकून होतं. आता परगावच्या बाया येत, वाकून बांगड्या पाहत, वर कागद पाहत. पहिली ओळ वाचत, 'त्वचारोग'. दुसरी ओळ वाचाले कोणी थांबत नव्हतं. महिनाभरानं तिनं कागद काढला. मले बोल लावला नाही. उलट म्हणे, "तुह्या मनात चांगलंच होतं."

पण हे तं चुकून झालं. पुढचं चुकून नाही झालं.

पोळ्याच्या आधीचा बाजार होता. मी तिच्यापुढं बसून हात दिला. मी एकटीच देत होती तवा, आन् त्याचा मले मोठा गर्व होता. बांगडी अर्धी चढलेली. मागून माही विहीण आली. म्हणे, "अवो विहीणबाई, हिच्याजवळ? हिचे हात पाहिले काय?" मी काय म्हणाले पायजे होतं? कागद तोंडपाठ होता मले. लागत नाही, एवढे दोन शब्द म्हणाचे होते. मी म्हटलं, "छे वो, मी तं सहजच बसली." आन् हात खसकन ओढला.

बांगडी तुटली. काच तिच्याच तळव्यात गेली, भेगेत. रक्त आलं. तिनं मूठ मिटली, माह्याकडं पाहिलं आन् म्हणे, "वाढली."

बस. एवढंच. मी विहिणीसंगं भजे खाले गेली.

त्या दिवसापासून माहे हात मोकळे आहेत. गाव म्हणते, विमलबाई आता वयाप्रमाणं वागते.

मंग तिले ताप आला. दवाखान्यात भरती केलं तं बाजूच्या खाटेवाल्यानं आपली खाट सरकवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाजूच्यानं सरकवली. तिसऱ्या दिवशी ती घरी निघून आली. रेखा, तिची पोरगी, हातापाया पडली तिच्या, परत चाल म्हणून. शेवंता म्हणे, "नाही वो माय, लोकाइले खाटा ओढाव्या लागतात." ताप छातीत गेला. सोरायसिसनं कोणी मरत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. खरंच आहे. त्यानं नाही मेली ती.

आता त्या सकाळचं सांगते. भाऊजी, तिचे मालक, जिवंत आहेत, म्हणून शेवंता अहेव, सवाशीण गेली. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. हिरवा चुडा राह्यला. तिचीच पेटी उघडली. आपण अकरा जणी होतो भोवती. "भरा वो कोणीतरी." एक म्हणे मले घेरी येते. एक म्हणे माही कंबर वाकत नाही. बाकीच्या पेटीत पाहत राह्यल्या, जशा माप शोधून राह्यल्या. आन् मी? मी म्हटलं, "बाई, मी विधवा. माहा हात चालत नाही." तिनं ज्या रितीले लाथ मारून माहा हात धरला होता, त्याच रितीच्या मागं मी लपली. वरून सगळ्या म्हणाल्या, "बरोबर आहे विमलबाईचं."

शेवटी रेखा उठली. बांगडी सरकाले स्वतः साबणाचं पाणी आणलं. मायची बोटं सुजलेली, ताठलेली. दोन बांगड्या चढल्या. तिसरी तुटली. पोरगी म्हणे, "वाढली."

काल मी तिच्याकडं गेलती. म्हटलं, "रेखा, येत्या बाजारी मायच्या जागेवर बस. पहिला हात माहा." ती तिथं खांबाजवळ बसली आहे, विचारा तिले काय म्हणाली ते. म्हणे, "मावशी, गावातल्या कोणाच्याही हातात भरीन. कप फेकणाऱ्याइच्या घरीही जाईन. तुमच्या नाही. त्याइले माहीत नव्हतं. तुम्ही कागद वाचला होता."

खरं बोलली पोरगी. एका शब्दाचा फरक नाही.

आता उभे राहा सगळे. बांगड्या भरून झाल्या की कासारणीले नमस्कार कराची आपली रीत आहे. तेवढा तरी करा. बायांनो, हात जोडाल तं बांगड्या वाजतील. दाबू नका, वाजू द्या. तिच्याच पेटीतल्या आहेत त्या, कितीही साबणानं धुतल्या तरी.

माहे हात वाजणार नाहीत. शेवंते, नमस्कार घे वो माय.