पोस्टाने धाडलेलं कुलूप

तुम्ही हसाल, पण मी पोस्टाने कुलूप पाठवलंय.

माझ्या नातीने, रेश्माने, इराणमधल्या मैत्रिणीबरोबर कॉम्प्युटरमधलं कुलूप बनवलं. निरोप, फोटो बंद ठेवायला. फुकट, कोणीही घ्यावं. एक दिवस रेश्मा रडवेली होऊन आली.

"आबा, कुलूप ठेवलंय ती साइट अमेरिकेची, माझी मेलही तिथलीच. तिथल्या कायद्याने असली कुलपं तिच्या देशाला द्यायची नाहीत. तिनेच लिहिलेलं तिलाच मिळेना!"

मी म्हटलं, "मग छापून धाड. बघून परत लिहील."

ती हसता हसता थांबली. "आबा, छापलं की पुस्तक झालं! पुस्तकाला तो कायदा नाही."

छापलेल्या कागदांचा गठ्ठा मी मासळीच्या जाळ्याच्या दोऱ्याने बांधला. गाठ सैलच मारली, त्या पोरीची बोटं दुखायला नकोत.

कोपरीच्या पोस्टात खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आजोबा, आत काय?"

"कुलूप."

त्यांनी दाबून बघितलं. "हे तर कागद आहेत!"

"म्हणून तर जातंय, बाई."