चेंडू कोणाचा

हाडांच्या डॉक्टरांकडे मी नंबर लावून बसले होते. शेजारी एक आई आणि तिची कॉलेजातली लेक. लेकीचं बोट चांगलंच सुजलेलं.

“शाळेत कधी साधी धावली नाहीस. आता हे व्हॉलीबॉलचं खूळ कुठून शिरलं डोक्यात?”

“आवडतं गं मला.”

“जिंकता तरी का?”

“छे! मी तर सगळ्यांत कच्ची.”

“मग उद्यापासून बंद. हात मोडून घेशील एक दिवस.”

“आई, ऐक ना. चेंडू आपल्याकडे आला की ‘माझा!’ म्हणून ओरडायचं असतं. मग बाकीच्या बाजूला होतात.”

“सगळ्या?”

“सगळ्या. कॅप्टनसुद्धा. काल मी ओरडलेच नाही, म्हणून दोघी धडकलो.”

“का नाही ओरडलीस?”

“जमलंच नाही. घरी कुठे सवय आहे? तू तरी म्हणालीस का कधी, अमुक एक माझं म्हणून?”

आईने हातातली फाईल मिटली.

“रागावलीस?”

“नाही. म्हणून दाखव बरं.”

“इथे? लोक बघतायत.”

“हळू म्हण.”

“माझा.”

“एवढ्याने कोण बाजूला होणार?”

“मैदानावर येईल गं आवाज.”

“बोट बरं झालं की सांग. मला यायचंय ऐकायला.”