मॅनेजरच्या मागची रांग

हॉकीच्या हंगामी पासांच्या खिडकीपुढे माझ्या मागे एक शिंपीणबाई आणि त्यांचे दीर उभे होते.

"वहिनी, संघ सुरू होऊन वर्ष झालं नाही, तोच या संघवाल्यांनी आपला गोलकीपर दुसऱ्या संघाला देऊन टाकला! पास परत करून मोकळे होऊ."

"परत नाही, बदलून घ्यायचाय. मॅनेजरच्या खुर्चीमागची जागा हवी."

"कशाला? चार-चार फॉरवर्ड घेतलेत, गोल अडवणार कोण? त्यांची आजी?"

"तेच विचारायला."

"आणि गोलकीपरच्या नावाची जर्सी शिवलीत, ती आता उसवणार?"

"उसवते कशाला? तशाच आणखी सहा शिवायच्यात. मॅनेजरच्या मागची अख्खी रांग भरायचीय. भावोजी, हात वर करा, माप घेते."

"इथे? लोक बघतायत!"

"बघू देत. अहो पुढचे, मघापासून कान लावून उभे आहात, तुम्हीही करा हात वर."