डोळे मिटून

...नाही, पण मला एक सांगा, माणूस गेलं की मागे उरलेल्याचं मन रमवायचं हे खूळ काढलं कुणी? बाबा गेले, आणि तेव्हापासून आमच्या मावशीनं मला रमवायचा जो विडा उचललाय ना, विचारू नका! घरात टेकू देत नाही हो बाई. "बसून बसून कुजशील. ऊठ, केस विंचर, चित्रं बघायला जायचंय." आता मला चित्रांतलं काय कळतंय? मी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली, दिवसभर लोकांचे वासलेले जबडे बघते. त्यामुळे चित्र असो की माणूस, नजर आधी दातांवर! परवा एका प्रदर्शनात भिंतभर चित्र होतं, खदाखदा हसणारी बाई. सगळे आपले, काय तो आनंद चेहऱ्यावर, काय ते हसू! मी म्हटलं, हिरड्या सुजल्यात. मावशीनं दंडाला धरून बाहेर काढलं.

आणि बाहेर आल्यावर पुन्हा, "रमलीस का गं थोडी?" काय सांगू? चित्रं छान होती, आवडलीसुद्धा, खोटं कशाला बोलू. पण आवडली म्हणजे कसं... आमच्याकडे इंजेक्शन दिलं की डॉक्टरीणबाई हिरडीला बोट लावून विचारतात, कळतंय? पेशंट म्हणतो, बोट लागतंय ते कळतंय, बाकी काही नाही. तस्सं. नुसतं बोट लागत होतं. बाबा गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस नाही हो माझ्या. शेजारीण म्हणते, पोरगी मोठी धीराची. धीर कसला डोंबलाचा, बधीर!

बरं, चित्रांपर्यंत ठीक होतं. मग मावशी म्हणाली, "गाण्याला जाऊ." इथे मात्र मी नाही म्हटलं. कारण गाण्याला मी जायचे ती फक्त बाबांबरोबर, आणि बाबा गाण्याला जायचे ते झोपायला! तुम्ही हसताय, पण मला लाज वाटायची हो. जन्म गेला त्यांचा छापखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात, तिथे कधी डुलकी लागली नाही. निवृत्त झाले आणि गाण्याची हौस लागली. इस्त्रीचा शर्ट, पुढची जागा, सगळं साग्रसंगीत, आणि दिवे मंद झाले की लगेच... घुर्रर्र! माझ्याकडे काम एकच, उजवं कोपर. बरगडीत ढोसायचं. ढोसलं की दचकून जागे व्हायचे, आणि जागे झाल्याझाल्या काय करायचे, तर टाळ्या! गाणारी मधेच कुठेतरी हळुवार सुरावर, सगळं सभागृह चिडीचूप, आणि आमचे तीर्थरूप, वा, वा! मी कानात सांगायचे, बाबा, झोपला होतात. की ठरलेलं उत्तर, "झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो." अहो, घोरत होतात! "साथ करत होतो."

घरीही तेच. दुपारी रेडिओ लावून खुर्चीत आडवे. मी हळूच जाऊन रेडिओ बंद केला रे केला की डोळे न उघडता, "झोपलो नव्हतो, डोळे मिटून ऐकत होतो." आणि रेडिओवर काय, तर हवामान! डोळे मिटून हवामान कोण ऐकतं, तुम्हीच सांगा?

त्या दिवशीही रेडिओ चालू होता. मी दवाखान्यातून आले, पर्स ठेवली, चहाचं आधण ठेवलं, म्हटलं, बाबा, झोपलात का? आणि रेडिओ बंद केला... आणि उत्तराची वाट बघत उभी राहिले. चहाचं पाणी आटून गेलं तरी उभीच. रेडिओ बंद केला आणि ते काही बोलले नाहीत, त्यावरूनच कळलं मला.

...तर काय सांगत होते? हां, मावशी. तिकिटं काढून मोकळी! नेलंच मला. डावीकडे मावशी, उजवीकडे एक अनोळखी काका, करडा स्वेटर, बाबांच्याच वयाचे. दिवे मंद झाले. गाणारी बाई आली, तिनं आ केला आणि मला आधी तिची दाढ दिसली, चांदी भरलेली, काम सुबक होतं. आवाजही सुबक. ऐकत होते मी, बरं वाटत होतं, बोट लागत होतं... आणि उजवीकडून, घुर्रर्र!

शप्पथ सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. कोपरानं परस्पर ठरवलं! सणसणीत ढोसणी, आणि वर चांगलं खणखणीत आवाजात, "बाबा, घोरताय." काका ताडकन सरळ झाले आणि टाळ्या वाजवायला लागले हो! ती बिचारी नुसती श्वास घ्यायला थांबली होती. अख्खी रांग वाकून बघतेय, मावशीनं तोंडात रुमाल कोंबलेला. मी कसंबसं म्हटलं, माफ करा काका, तुम्हाला झोप लागली होती, म्हणून... त्यांनी चष्मा नीट केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले,

"झोपलो नव्हतो मी. डोळे मिटून ऐकत होतो."

हसू फुटलं मला. आवरेचना! आणि कोपर बरगडीच्या आधी खुर्चीच्या हातावर आपटलं होतं ना, तर तिथून करंगळीपर्यंत नुसत्या मुंग्या. आता पेशंटला रोज मीच बजावते, मुंग्या यायला लागल्या की समजा, बधिरपणा उतरतोय, आता दुखेल, घरी जाऊन आधी गोळी घ्या. मला कुणी गोळी सांगितलीच नव्हती. मावशी कानाशी, "अगं, हसतेस की रडतेस?" म्हटलं, एका बाजूनं अजून बधीर आहे, नक्की सांगता येत नाही.

मध्यंतर झालं, दिवे पुन्हा मंद झाले, आणि काका पुन्हा घोरायला लागले! मावशी धास्तावून माझ्याकडे बघतेय, आता ही ढोसते की काय. नाही ढोसलं. कोपर डाव्या हातात गच्च धरून बसून राहिले. तर मागच्या बाईंनी माझ्या खांद्यावर टकटक केलं, "अहो, तुमच्या वडलांना उठवा ना, झोपलेत ते."

आता काय सांगणार त्यांना? म्हटलं, झोपले नाहीत हो. डोळे मिटून ऐकताहेत.