कणकेतलं पाऊल

"हॅलो?... हॅलो, काजल?... हाव, मीच बोलून राह्यली. माहा फोन मी नाई तं कोन उचलन?... थांब, दार लोटून घेते... हं, बोल आता. नाई वं, कोनी आजारी नाई. मिस्ड कॉल याच्यासाठी देला का मले मोठ्यानं बोलता येत नाई. घरात कान हायेत."

घरात कान होते, पण ते रुखमाबाईंकडे नव्हते. सून पुष्पांजली, मुलगा भागवतची बायको, सैपाकघरात पोळ्या लाटत होती. नवरा भगवानराव अंगणात खुर्चीवर घराकडे पाठ करून बसले होते. आणि रुखमाबाईंचा धाकटा भाऊ किसनराव, अमडापूरहून मोटारसायकलवर सकाळीच मेहकरात येऊन ठेपलेला, ओट्यावर चहाची वाट पाहत होता. त्याच्या पायाशी एक टोपली होती, टोपलीवर फडकं बांधलेलं, आणि फडक्याखाली अडीच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू कुईकुई करत होतं. चहा झाला की ते अमडापूरच्या शेतात जाणार होतं. हा हुकूम रुखमाबाईंनीच काढला होता.

"अवं ऐक तं... तेच सांगून राह्यली न. आज पुन्हा केलं त्यानं! त्याच कोपऱ्यात, त्याच जागी... हाव, गालिच्यावर. दुसरीकडे कुठी? काल दुपारी घासघासून धुतला, गच्चीवर वाळवला, संध्याकाळी टाकला, अन् आज सकाळी पुन्हा ओला. असा वास सुटला का बैठकीत पाच मिनिटं बसवत नाई... तुले हासू येते. त्या शुक्रवारी भजनाच्या बाया आल्या होत्या. सिंधूताईनं नाकाले पदर लावला अन् सगळ्यांसमोर विचारलं, रुखमाबाई, कपाटामांगं उंदीर मेला का वं? आता काय सांगू तिले?"

गालिचा भगवानरावांनी एसटीतून रिटायर झाल्यावर मलकापूरच्या प्रदर्शनातून आणला होता. लाल, काठाला पिवळी वेलबुट्टी. चार वर्षं त्यावर कोणी चप्पल घालून पाय ठेवला नव्हता, पाहुण्यांनीसुद्धा नाही. एका जावयाने ठेवला होता, त्याला अजून टोमणे बसतात.

"पिल्लू हाये, करनच? मले शिकवू नको. पिल्लू हाये तं पिल्लावानी करन न! आज इथं, उद्या तिथं. रोज मोजून त्याच कोपऱ्यात कसं काय? तिपाईच्या उजव्या पायापाशी, एक वीतही इकडचं तिकडं नाई. मी सांगते तुले, त्याले कोनी तरी तिथं नेऊन उभं करते... हाव, संशय हाये. पक्का हाये... कोनावर म्हंजे? या घरात मानसं किती हायेत, मोज न. भागवत तं पंधरा दिवस झाले ड्युटीवर पुन्याले गेला. राह्यले तुह्ये बाबा, राह्यली मी, अन् राह्यली... हाव. तीच. हळू बोल, फोनातून ऐकू जाते."

संशय घ्यावा तर रुखमाबाईंनी. दुधात पाणी, विजेच्या मीटरमध्ये खोट, धोब्याने बदललेली उशीची खोळ, सगळं त्यांना आधी कळायचं. आणि खरी पंचाईत अशी की दहातले सहा संशय खरेही निघायचे. त्यामुळे उरलेल्या चारांबद्दल त्यांच्याशी बोलायची कोणाची छाती होत नसे. छत्तीस वर्षांच्या संसारात "माझं चुकलं" एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून घरात कोणी ऐकले नव्हते.

"काऊन करन म्हंजे? तिले पिल्लू नको होतं. पहिल्याच दिवशी म्हनली होती, आई, गालिचा खराब होईन. म्हनली का नाई? अन् आता पाह्य, गालिचा खराब झाला, अन् पिल्लाले हाकलाचं काम मी करून राह्यली! माह्या हातानं काटा काढते ती. गोड बोलून... अवं पुरावा हाये! पुराव्याशिवाय मी बोलते का कधी?"

इथे त्यांनी दाराच्या फटीतून बाहेर एक नजर टाकली. सैपाकघरात लाटण्याचा आवाज चालू होता. त्या गालिच्याच्या कोपऱ्यापाशी आल्या. तिथे फरशीवर पितळी परात पालथी घातली होती.

"काल सगळे झोपाले गेल्यावर मी त्या कोपऱ्याभवती कनीक पसरली. चाळनीनं, एकदम बारीक. म्हनलं, जो येईन त्याचं पाऊल उमटन... हास, हास. आली न कामाले! सकाळी साडेसहाले पाह्यलं तं पिल्लाचे चार-पाच खुरं... पंजे म्हन, पंजे. अन् त्याच्या बाजूले मानसाचं पाऊल! अनवानी. बाईचं... मले नाई समजत का बाईचं पाऊल? चार बोटं साफ उमटली, पाचवं तेवढं फिसकटलं. अन् ऐक, पावलापाशी पान्याचे थेंबं. म्हंजे नुकतीच आंघोळ करून आली न! पुष्पांजली सहाले आंघोळ करते. झालं का नाई सिद्ध?... परात झाकून ठेवली हाये त्याच्यावर. भागवत आला का दाखवतेच त्याले."

फोनमधून बराच वेळ बारीक आवाज येत राहिला. काजल, रुखमाबाईंची मुलगी, मलकापूरला दिलेली. तिच्या सासरी कुत्र्यांची तिसरी पिढी चालू होती, त्यामुळे या विषयात ती स्वतःला अधिकारी समजायची. रुखमाबाईंना ते मान्य नव्हतं, पण मिस्ड कॉल मात्र तिलाच गेला होता.

"बाबा?... बाबा काय म्हनतीन. काहीच म्हनले नाईत. सकाळपासून एक शब्द नाई. चहा तसाच थंडा झाला... नाई. फिराले नाई गेले आज. काठी भिंतीले टेकवून ठेवली... मले मालूम हाये वं काजल. तू नको सांगू. मले मालूम हाये."

त्यांना ठाऊक होतं, आणि तेच टोचत होतं. मागच्या दिवाळीत भगवानरावांना लकवा मारला. हात सुधारला, डावा पाय ओढत राहिला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, भगवानरावांनी ऐकलं नाही. तीस वर्षं लाल गाडी चालवलेला माणूस खुर्चीत भिंतीकडे बघत बसून राहिला, हो-नाहीच्या पलीकडे बोलेना. मग कोण जाणे कुठून हे पिल्लू दारात आलं आणि त्यांच्या चपलेवर झोपलं. सतत मागे मागे फिरायचं म्हणून त्यांनी त्याचं नाव ठेवलं कंडक्टर. सकाळी बूट चढवून झाले की ते काठी जमिनीवर दोनदा आपटायचे, ठक ठक, एसटीची डबल बेल, आणि कंडक्टर दाराकडे धावायचा. आधी दारापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत, आता तर दोघं मंदिराला वळसा घालून यायचे. या गोष्टीचा रुखमाबाईंना आनंदच होता. आपण आठ महिने विनवलं ते एका पिल्लाने आठ दिवसांत केलं, याचा थोडा रागही होता. खोटं कशाला बोला.

"तुह्या सासूचा मोती तीन दिवसांत शिकला असन, आमचा नाई शिकत... हाव, केलं न, सगळं केलं. नाकही घासलं त्याचं तिथं... एकदाच वं!... बरं, दोनदा. नाई घासाचं? काऊन?... भेते? आपल्याले पाहून भेते अन् लपून करते? हं... खाल्ल्यावर बाहेर न्याचं, झोपून उठल्यावर लगेच न्याचं... ते तं तुह्ये बाबा नेतेच. पन त्याईले बूट घालाले पंधरा मिनिटं लागते न. तेवढ्यात हा कार्यक्रम उरकून मोकळा... उचलून आधी अंगनात सोडाचं? बूट मंगून? हे मातर कोनी सांगतलं नव्हतं."

"धुतलं कशानं? काय नाई लावलं ते विचार. वॉशिंग पावडर लावली. फिनाइल वतलं. निंबू घासलं. कापूर जाळला, अगरबत्त्या लावल्या... वास झाकते पन जात नाई? मंग जाते कशानं?... व्हिनेगर? तो पुष्पांजलीनं नूडलसाठी आनला हाये तो?... अर्धं पानी, अर्धा तो. कपड्यानं टिपाचं, घासाचं नाई. मंग खायचा सोडा भुरभुरून ठेवाचा अन् उन्हात टाकाचं. बरं... आनखी? नाई, आनखी काही नाई लावलं. सांगतलं न तुले... अवं काहीच नाई!... आता देवाचं म्हनशीन तं ते काय धुनं हाये का? गोमूत्र तेवढं. ते तं शुद्धीसाठी. पाचले आंघोळ झाली का साऱ्या घरात शिंपडते, माहीतच हाये तुले... हाव, त्या कोपऱ्यातही. तिथं जराक जास्तच. जिथं घान होते तिथंच जास्त लागन न?... हॅलो? हॅलो! गेला का फोन?... हायेस तं बोलत काऊन नाई?... अवं काजल, हासतेस कायले एवढी? खोकला लागला न पाह्य!"

काजलचं हसू आवरेपर्यंत रुखमाबाई फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे रागाने बघत राहिल्या.

"तोंड सांभाळून बोल! गाईचं हाये ते. पवित्र हाये. कुत्र्याच्या मुताशी... मी नाई ऐकत, जाय... त्याले काय समजन म्हंजे? ... हं... त्याच्या नाकाले?... त्याले वाटते इथं आधी कोनी तरी करून गेलं... म्हनून हीच जागा... रोज?"

रुखमाबाईंनी गालिच्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"म्हंजे मी त्याले रोज सकाळी जागा दाखवून राह्यली का वं?"

पण त्या हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. परातीचा पुरावा अजून शिल्लक होता.

"अन् ते पाऊल? पावलाचं काय? ते तं गोमूत्राचं नाई न!... पाचले आंघोळ कोन करते म्हंजे? मी करते. माहं कायले काढते मधातच? मी कनीक पसरली, मीच त्याच्यावर पाय देईन का? तेवढं ध्यान हाये मले... तोंडात देवाचं नाव असते तवा, खाली कोन पाहते... पाय ठेवून पाहू? मी कायले पाहू?... बरं बाई. तुह्या समाधानासाठी. धर."

त्यांनी परात उचलली. कणकेतलं पाऊल जसंच्या तसं होतं, आणि बाजूला थेंबांचे वाळलेले डाग. लुगड्याची निरी वर धरून त्यांनी उजवा पाय त्याच्या शेजारी टेकवला आणि उचलला. टाच तेवढीच. रुंदी तेवढीच. चार बोटं साफ उमटली. पाचवं उमटलं नाही. वीस वर्षांपूर्वी करंगळीवर वरवंटा पडला होता, तेव्हापासून ती वर वळून बसली होती, जमिनीला लागतच नव्हती. आपल्याच पायाची ही गोष्ट त्यांना आठवली नव्हती, इतकी त्यांना सुनेचा पाय सापडल्याची घाई झाली होती. रुखमाबाईंना लाज वाटली. खरीखुरी, कानशिलं तापवणारी.

"हॅलो... हाव, हाये मी... पाह्यलं... कोनाचं म्हंजे? आता तोंडानं वदवून घेशीन का?"

तेवढ्यात अंगणातून मोटारसायकलला किक मारल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा.

"अगं बाई! चहा झाला वाटते त्याचा. थांब काजल, ठेवू नको फोन... किसना! ए किसना! थांब बे! गाडी बंद कर पहिले!... टोपली सोड ती. सोड म्हनते न! दोरी कायले आवळली एवढी, मरन न तो आतमधी!... काही नाई झालं. नाई नेयाचं त्याले. मी सांगतलं होतं, मीच नाई म्हनून राह्यली. बैस, आनखी एक चहा घे."

पुष्पांजली लाटणं हातात घेऊन दारात आली. भगवानरावांनी मान वळवली नाही. रुखमाबाई त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, एक पाय कणकेने पांढरा, फोन अजून मुठीत चालूच.

"अवो... ऐका न. इकडे पाहा जरा... कंडक्टरची काही चूक नव्हती. पुष्पांजलीचीही नव्हती... तू नको विचारू वं पुष्पांजली, तुह्या नावाचं काय ते तुले मंग सांगीन. पोळी जळून राह्यली, जाय... अवो, मी म्हनते..."

त्यांनी एकदा आजूबाजूला पाहिलं. किसनराव होता, सून होती, फोनमध्ये मुलगी होती, आणि शेजारच्या भिंतीवरून सिंधूताईंचं डोकंही वर आलं होतं.

"माहं चुकलं."

भगवानरावांनी बायकोकडे पाहिलं, मग तिच्या पांढऱ्या पायाकडे, मग फडकं सुटलेल्या टोपलीकडे. मग त्यांनी हात लांब करून भिंतीची काठी घेतली.

रुखमाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि फोन कानाला लावला.

"हॅलो, काजल?... हायेस न? ऐकलं का तू?... नाई वं, माहं चुकलं ते नाई, ते ईसरून जाय. काठी. आत्ता. दोनदा वाजली न?... हाव. ठेवते मी."