आधी पाणी विचारायचं

प्रोसेसर कोणता घेऊ, असं तू विचारलंस आणि मला पाचोडचे एक मेंढपाळ मामा आठवले. गावोगाव टँकर चालू होते तेव्हाची गोष्ट. उस्मानपुऱ्यात माझं कॉम्प्युटरचं दुकान नवीन होतं. मामा लेकीला घेऊन आले, तिच्यासाठी कॉम्प्युटर बघायला. मी दोन प्रोसेसर काउंटरवर ठेवले आणि सुरू झालो. हा गेमसाठी एक नंबर, पण लई तापतो. तो गेममध्ये मागं पडतो, पण एका वेळी चार कामं ओढतो, शिवाय स्वस्त. अर्धा तास मीच बोलत होतो.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, माहिती लई हाय तुमच्याकडं. आम्ही बाजारात मेंढरं इकतो, तवा घेणाऱ्याला आधी इचारतो, तुझ्याकडं पाणी किती हाय?"

"आणि पाणी नसलं तर?"

"तर देत नाय. पैसे भेटतेत, पण जनावर मरतंय."

मी म्हणालो, "पण मामा, कॉम्प्युटरचा अन् पाण्याचा काय संबंध?"

मामांनी लेकीकडं बोट केलं. "अर्ध्या तासापासून उभी हाय ती. तिला काम काय करायचंय, ते इचारलं का तुम्ही?"