बाण किती लांबीचे

सिंगापूरच्या आंग मो किओमधल्या तिरंदाजीच्या दुकानात, बिलाच्या रांगेत, माझ्यापुढे बहीण-भाऊ मराठीत बोलत होते.

"ताई, ऋतासाठी ॲल्युमिनियमचेच घेऊ ना?"

"नवीन शिकणाऱ्याला तेच बरे. पण शिरीष, दुकानदार विचारतोय, केवढे कापू? तिच्या हाताचं माप लागेल."

"माझ्या खांद्याच्या थोडी खाली येते ती."

"कधीचं सांगतोयस?"

"मी पुण्याहून निघालो तेव्हाचं."

"अरे, चौदाची झाली ती आता. बाण आखूड पडला तर तिच्याच हातात घुसेल."

"माहितेय."

"मग फोन करून विचार की."

"तिची आई उचलते. ऋता क्लासला गेलीय म्हणते. तिरंदाजी शिकतेय हेसुद्धा मला शाळेच्या फोटोवरून कळलं."

"मग काय करायचं?"

"त्याला म्हणावं, कापू नकोस. पूर्ण लांबीचेच दे."

"आणि तिकडे कोण कापून देणार?"

"मीच घेऊन जातो. माप घेतो आणि पुण्यातच कापून आणतो."

"येतोयस म्हणून कळवलंस ऋताला?"

"कळवलं तर नको म्हणेल, ताई. दारात उभा राहिलो, तर मापापुरती तरी जवळ येईल."